'मुख्य पात्र कोण?' या एका मार्काच्या प्रश्नाबद्दल

मा. संपादक, स. न.

मी १७ वर्षं दुसरी-तिसरीच्या मुलांना शिकवतेय. मागच्या महिन्यात सिंह आणि उंदराच्या गोष्टीवर नेहमीचा प्रश्न होता, मुख्य पात्र कोण, उत्तरसूचीत सिंह, आणि एका मुलीनं लिहिलं उंदीर. मी काहीही विचार न करता फुली मारली. दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन आली, म्हणाली, बाई, सिंह नुसता झोपला आणि जाळ्यात अडकला, सगळी कामं तर उंदरानं केली, आधी स्वतः सुटला, मग त्याला सोडवलं. आता यावर काय बोलणार? फुली माझी, चूक पण माझीच.

मग मी वर्गात एकेकाला विचारत गेले की तू कसं ठरवतोस, तेव्हा लक्षात आलं की आपण त्यांना हे कधी शिकवलेलंच नाहीये, फक्त विचारलंय. कोणी म्हणे ज्याचं नाव पहिलं येतं तो, कोणी म्हणे ज्याचं चित्र मोठं. एक जण तर म्हणाला 'मुख्य म्हणजे मुख्याध्यापकांसारखं, सगळे ज्याला घाबरतात ते'. हसू आलं खरं, पण पोराचं काय चुकलं? मुख्यमंत्री, मुख्याध्यापक, मुख्य म्हटलं की त्यांच्या कानाला साहेबच ऐकू येतो. म्हणून मग गोष्टीत राजा दिसला की राजा, सिंह दिसला की सिंह.

ट्रेनिंगमध्ये आम्हाला एक युक्ती सांगतात, की पात्र काढून टाका आणि बघा गोष्ट उरते का. मी भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट घेतली, फळ्यावर म्हातारी, वाघ, लेक आणि भोपळा काढला आणि डस्टरनं एकेक पुसायला लागले. लेक पुसली, पोरं म्हणाली मग म्हातारी जाणार कुठे. भोपळा पुसला, तर परत येणार कशी. वाघ पुसला तर मागून आवाज आला, 'बाई, वाघच नाही तर भोपळा कशाला, चालत येईल की ती!' म्हणजे झालं, चारही पात्रं मुख्य, युक्तीचा पार बोऱ्या वाजला. एक-दोघं तर भोपळ्यावरच अडून बसले, कारण टुणुक टुणुक तोच जातो ना.

शेवटी प्रश्नच बदलला. कोणाला काहीतरी पाहिजे आहे आणि ते मिळवताना कोण अडचणीत येतंय? म्हातारीला लेकीला भेटायचंय आणि जिवंत घरी यायचंय. वाघालाही काहीतरी हवंय, हो, त्याला म्हातारी खायचीये, पण आपण वाघाबरोबर जंगलात थांबत नाही, म्हातारीबरोबर लेकीच्या घरी जातो. हे मात्र पोरांना पटकन कळलं. आणि यात माझं नवीन काही नाही बरं का, भरताच्या नाट्यशास्त्रात मुख्य कथानकाला आधिकारिक आणि जोडून येणाऱ्याला प्रासंगिक म्हटलंय, कथेचं फळ ज्याला मिळतं त्याचं ते आधिकारिक. आठ वर्षांच्या पोराला हे शब्द नकोत, पण 'शेवटी कोणाला काय मिळालं' एवढं तर विचारता येतं.

तरीसुद्धा काही गोष्टी सरळ बसत नाहीत. चिऊ-काऊच्या गोष्टीत घर वाहून जातं कावळ्याचं, दारात भिजत उभा राहतो तो, त्यालाच आत यायचंय, आणि चिऊताई आतून बाळाचं आवरत बसते. अर्धा वर्ग काऊ म्हणतो, अर्धा चिऊ, कारण दार उघडायचं की नाही हे तीच ठरवते. ससा-कासवाचंही तेच, दोघांनाही जिंकायचंय. 'मी' सांगतोय अशी गोष्ट आली तर अजूनच गोंधळ, सांगणारा मी असला तरी गोष्ट आजोबांची असू शकते, पण ते जरा मोठ्या वर्गात.

म्हणून वर्कबुक आणि पेपर काढणाऱ्यांना विनंती आहे की एका शब्दाचं उत्तर मागू नका. 'ही गोष्ट कोणाची आहे असं तुला वाटतं? कशावरून?' असं विचारा आणि मार्क दुसऱ्या भागाला द्या. तपासायला वेळ जातो हे मला माहितीये, ४० वह्या घरी मीच नेते. आणि घरी गोष्ट वाचून दाखवणाऱ्या आई-बाबांनी शेवटी परीक्षा घेण्यापेक्षा मधेच थांबून 'आता ह्याला काय हवंय गं?' एवढंच विचारलं तरी पुष्कळ आहे.

त्या मुलीची फुली मी खोडली आणि मार्क दिला. तर तिनं लगेच विचारलं, 'मग सिंह लिहिणाऱ्या सगळ्यांचं चुकलं का?' म्हटलं, त्यांना जाऊन विचार, सिंह का लिहिलं ते. गेली आणि मधल्या सुट्टीत तिघांशी भांडून आली.

– एक प्राथमिक शिक्षिका