सही करण्याआधी, बाबा

तीर्थरूप बाबा आणि प्रिय आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल फोन ठेवला आणि रात्रभर तेच डोक्यात घोळत राहिलं. आई म्हणाली, "शनिवारी बँकेत नोटरी बसते, यांनी शर्टसुद्धा इस्त्री करून ठेवलाय." बाबा, फोनवर तुम्ही "बरं बरं" म्हणता आणि विषय बदलता, म्हणून टेक्सासमधले आपले जमिनीखालच्या तेलाचे हक्क विकत मागणाऱ्या त्या पत्राबद्दल लिहायला बसले. सावकाश वाचा, आईलाही वाचून दाखवा. तोवर त्या कागदाला पेन लावू नका.

आधी त्या चेकचं. आईने पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. तो चेक नाहीच. त्याला ड्राफ्ट म्हणतात, पण आपल्या डिमांड ड्राफ्टसारखे त्याचे पैसे आधी भरलेले नसतात. खाली बारीक अक्षरांत लिहिलंय की मालकीची तपासणी होऊन खरेदीदाराने मान्य केलं तरच पैसे मिळतील, आणि त्यासाठी त्याला बँकेचे 30 कामाचे दिवस हवेत. म्हणजे तुमची सही आज आणि त्याचा होकार सहा आठवड्यांनी. या धंद्यात अनेकदा त्या मुदतीत हाच सौदा एखाद्या मोठ्या कंपनीला चढ्या दराने दाखवतात. गिऱ्हाईक मिळालं तर पैसे भरायचे, नाहीतर हात वर.

आता मुख्य गोष्ट, आपण नेमकं काय विकतोय ती. पत्रात लिहिलंय, "हॉवर्ड काउंटीतले तुमचे 20 एकर खनिज हक्क." तुमच्याही डोक्यात 20 च बसलेत. गेल्या दिवाळीत मी आले होते तेव्हा तुमच्या त्या निळ्या बिस्किटांच्या डब्यातल्या रॉयल्टीच्या (तेलकंपनी विकलेल्या तेलातून मालकाला देते त्या हिश्शाच्या) स्टबचे, म्हणजे चेकसोबतच्या पावत्यांचे, फोटो काढून ठेवले होते. काल ते उघडले. प्रत्येक स्टबवर तुमच्या वाट्याचा एकच आकडा आहे: 0.046875. 1981 च्या लीजमधली, म्हणजे तेलकंपनीशी झालेल्या करारातली, रॉयल्टी 3/16, म्हणजे 0.1875. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागलं की तुमचा खनिजांतला हिस्सा मिळतो, आणि तो बरोबर 0.25 येतो. ही तेलविहीर 160 एकरांची. त्याचा पाव हिस्सा 20 नव्हे, 40 एकर होतो.

मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. म्हणून काउंटी क्लार्कच्या, म्हणजे जमिनीचे दस्त ठेवणाऱ्या कचेरीच्या, नोंदी ऑनलाइन चाळल्या. 1988 चा कागद सापडला. तेलाचा भाव कोसळून दोन वर्षं झाली होती आणि तुम्ही त्या म्हाताऱ्या कापूसवाल्याकडून जमीन घेतलीत, तोच. त्यात खनिजांचा आठवा हिस्सा. आणि मग 1991 चा दुसरा कागद, त्याच्या बहिणीकडून घेतलेला आणखी आठवा. आठवतंय का बाबा? तिचं हॉस्पिटलचं बिल थकलं होतं आणि तिचा मान राहावा म्हणून तुम्ही ते मदत न म्हणता विकत घेतलंत. आईने मला ही गोष्ट लहानपणी सांगितली होती. तो कागद मात्र तुम्ही विसरलात.

पत्रात भाव 20 एकरांचा आहे. पण सोबत जे डीड, म्हणजे विक्रीखत, सहीसाठी पाठवलंय, त्यात एकरांचा आकडाच नाही. त्यात म्हटलंय की या जमिनीतला विकणाऱ्याचा सगळा हक्क खरेदीदाराला दिला. सही केली असतीत तर 20 च्या भावात 40 गेले असते. त्यांनी मुद्दाम केलं की दुसरा कागद त्यांच्याही नजरेतून सुटला, यात मी शिरत नाही. परिणाम तोच झाला असता.

तुम्ही म्हणालात, "महिन्याला दोनशे डॉलर येतात, हे वीस वर्षांचे एकदम देतायत." बाबा, ते दोनशे जुन्या उभ्या विहिरीचे आहेत, दिवसाला जेमतेम दोन बॅरल देणाऱ्या. खरेदीदाराला ती विहीर नकोय. त्याला खालचे थर हवेत, स्प्रेबेरी आणि वुल्फकॅम्प, जिथे हल्ली दोन-दोन मैल आडवं ड्रिलिंग करतात. टेक्सासमध्ये तेलविहिरींचं सगळं दप्तर रेलरोड कमिशनकडे असतं (नाव रेल्वेचं आहे, काम तेलाचं) आणि ते कुणालाही पाहता येतं. तिथे नकाशावर पाहिलं तर आपल्या तुकड्याखालून जाणाऱ्या विहिरीचा परवाना निघालाय. पत्र आत्ताच का आलं, ते इथे कळलं.

परवाना निघाला म्हणजे विहीर झाली असं नाही. तो दोन वर्षं चालतो, आणि कंपनी तो तसाच जाऊ देऊ शकते. पण समजा खोदली. 1280 एकरांच्या युनिटमध्ये (विहिरीसाठी एकत्र धरलेल्या जमिनीत) आपले 40, त्यावर 3/16, वाटा 0.00586 च्या आसपास. समजा सुरुवातीला रोज 600 बॅरल निघालं आणि भाव 65 डॉलर धरला, तर महिन्याला सहा हजार आठशेच्या वर. त्यातून राज्याचा 4.6 टक्के कर जाईल, वर थोडी काटछाट. हा आकडा बघून हुरळून जाऊ नका. अशा विहिरी पहिल्याच वर्षात निम्म्याहून जास्त खाली येतात. शिवाय भावाचा भरवसा नाही. 20 एप्रिल 2020 ला तो शून्याखाली 37 डॉलर गेला होता आणि दोन वर्षांनी 120 च्या वर. म्हणून विकूच नका असं मी म्हणत नाही. तुमच्या वयात हातात रोख असावी असं वाटणं बरोबरच आहे. फक्त पाठीमागे काय आहे ते मोजून, चार जणांकडून भाव घेऊन, आणि हवं तर निम्मंच विका. डीडमध्ये एकर स्पष्ट लिहून घेता येतात.

एक गोष्ट लिहिताना हात थबकतोय, पण लिहिते. तुम्ही आत्ता विकलंत तर 1988 आणि 1991 ची किरकोळ खरेदी वजा जाता जवळजवळ सगळ्याच रकमेवर भांडवली नफ्याचा कर लागेल. वारशाने पुढे गेलं तर त्या दिवसाचा बाजारभाव हीच खरेदी किंमत धरतात. टेक्सासच्या कायद्यात नवरा-बायकोच्या सामाईक मालमत्तेत तर एक जण गेला तरी दोघांच्या हिश्शांना हे लागू होतं. मला हा हिशोब कधीच करायचा नाहीये. पण तुमच्या कर-सल्लागाराला हे जरूर विचारा.

काका अजून म्हणतो ना, "वरची जमीन 1999 ला विकली आणि खालची ठेवली, असं कुठे असतं का?" त्याचंही बरोबर आहे. वणीकडे खाणीसाठी शेतं गेली तेव्हा मोबदला काळ्या मातीचा मिळाला, कोळशाचा नाही. सातबाऱ्यावर खालचं काही येतच नाही. इथे तुमच्या वकिलाने जमीन विकताना कागदातल्या एका ओळीत खनिजं राखून ठेवली, म्हणून आज आपण हे बोलतोय.

आणि बाबा, तुम्ही म्हणालात, "आमच्यामागे तुम्हा पोरांना कटकट नको." मला ते ऐकून रडू आलं. ही कटकट मला हवी आहे. तुम्ही रात्रपाळ्या करून घेतलेली जमीन आहे ती. कागदपत्रं, फोन, खरेदीदारांशी घासाघीस, सगळं मी बघते. तुम्ही हो-नाही तेवढं सांगा.

आई, तू एक कर. डब्यात स्टबच्या खाली एक जाड खाकी पाकीट असेल, त्यात 1991 चा मूळ कागद आहे का बघ आणि चारही कोपरे दिसतील असा फोटो पाठव. नसेल तर क्लार्ककडून नक्कल मागवते. शनिवारी बँकेत जाऊ नका. अकरा वाजता मी फोन करते, तेव्हा ते डीड समोर घेऊन बसा. आपण ओळ न् ओळ वाचू.

बाबांच्या गोळ्या संपत आल्या असतील, त्याही सांग.

तुमची,
मनू