डॉक्टरांनो, दारूचंही विचारा ना

संपादक महोदय,

मागच्या वर्षी माझ्या काकांचं खुब्याचं हाड मोडलं, नागपुरातच ऑपरेशन झालं, सगळं नीट, आणि तिसऱ्या रात्री ते सलाईन ओढायला लागले, भिंतीवर किडे दिसताहेत म्हणे, हात थरथरत होते, आम्ही घाबरूनच गेलो. रोजची दारू एकदम बंद झाली की असं होतं हे तेव्हा कळलं. भरती करताना शुगर विचारली, बीपी विचारलं, दारूचं कोणीच नाही विचारलं, आणि आम्हीपण लाजेपोटी सांगितलं नाही, ते आमचंही चुकलंच.

जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे, ४० पैकी ८ किंवा जास्त गुण आले तर धोका समजतात. पाच मिनिटांचं काम. पण ते विचारायचं कसं हे शिकवावं लागतं. "दारू पिता का?" असं बायको-पोरांसमोर विचारलं तर माणूस नाहीच म्हणणार. आणि आपल्याकडे हिशोब पेल्यात नाही, क्वार्टरमध्ये होतो. एक क्वार्टर म्हणजे १८० मिली, म्हणजे चाचणीच्या मापाने जवळपास सहा ड्रिंक, आणि माणूस सांगतो "थोडीशीच घेतो".

मेडिकल, मेयो, एम्स या नागपूरच्या मोठ्या रुग्णालयांतल्या इंटर्न मुलांना तरी हे रुग्णासोबत बसून, मराठीत, दोष न देता विचारायला शिकवा. ओपीडीत गर्दी असते मान्य आहे, मग त्या चाचणीतले सुरुवातीचे तीनच प्रश्न विचारा, पण भरती होणाऱ्या प्रत्येकाला विचारा.

एक वाचक, मानेवाडा, नागपूर