प्रेस सांभाळणाऱ्या काकांस

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

बडोद्याच्या फॅकल्टी ऑफ फाइन आर्ट्समध्ये प्रिंटमेकिंग, म्हणजे मुद्राचित्रण, शिकायला येण्यापूर्वी मी ज्या कॉलेजात होते, तिथेही एचिंगचा प्रेस, म्हणजे आम्लाने कोरलेल्या धातूच्या प्लेटवरून कागदावर चित्र छापायचे चाकाचे यंत्र, होता. पण त्यावर कायम मळके कापड घातलेले असे, आणि किल्ली ज्यांच्याकडे होती ते सर भेटलेच तर “चाक ओढणे मुलींचे काम नव्हे” असे सांगून आम्हांला जलरंगाकडे पाठवत. अभ्यासक्रमात विषय होता, गुणपत्रिकेत त्याचे गुणही होते. शिकवणे तेवढे राहून गेले.

तुमच्याकडे माझी पहिली जस्ताची प्लेट तयार झाली, तिच्यात शाई भरून, मलमलीने आणि मग तळहाताने पुसून मी ती प्रेसवर ठेवली, वर ओलसर कागद घातला, तुम्ही ब्लँकेट पसरलेत, आणि मी सवयीने बाजूला सरकले. तुम्हीही सरकलात. हात पाठीमागे बांधून एवढेच म्हणालात, “फिरवा तुम्ही. फक्त मध्ये थांबू नका, थांबलं की पट्टा उमटतो.” चाक जड होते, माझी ओढाताण तुम्हांला बघवत नव्हती हे चेहऱ्यावर दिसत होते, तरी तुमचे हात सुटले नाहीत. कागद उचलायची वेळ आली तेव्हाही, बोटांचे डाग पडू नयेत म्हणून पुठ्ठ्याच्या दोन दुमडलेल्या पट्ट्या माझ्या हाती दिल्यात आणि पुन्हा मागे झालात. शिकवण्याचा पगार घेणाऱ्या कितीतरी जणांना एवढा विश्वास दाखवणे जमले नव्हते. असा सभ्यपणा कुठल्या पदवीने येत असेल, असे मला वाटत नाही.

1950 साली सुरू झालेल्या या संस्थेतील मुद्राचित्रणाबद्दल बोलताना आम्ही एन. बी. जोगळेकर, ज्योती भट्ट या इथल्या शिक्षक-कलावंतांची नावे घेतो, आणि ती घ्यायलाच हवीत. पण मुद्राचित्राखाली डावीकडे एडिशनचा आकडा (किती प्रतींपैकी कितवी प्रत) व उजवीकडे कलावंताची सही असते, आणि शाई कोणी घोटली, प्लेटवर छटा आणणाऱ्या ॲक्वाटिंटसाठी राळ कोणी कुटली, हे लिहायला तिथे सहसा जागा नसते.

त्या पहिल्या प्लेटचे एक प्रूफ, म्हणजे चाचणीची छापील प्रत, तुमच्यासाठी विभागात ठेवले आहे. माझ्या सहीशेजारी पेन्सिलीने तुमचेही नाव लिहिले आहे. हे रीतीला धरून नाही असे कोणी म्हणाले, तर त्यांना खुशाल माझ्याकडे पाठवा. आणि ते कपाटात ठेवून देऊ नका, घरी नेऊन काकूंना दाखवा.

आपली कृतज्ञ,
एक विद्यार्थिनी