आवाहन : दिवाळीच्या आत नावेच्या इंजिनाची देखभाल करून ते नीट ठेवायचे आहे

समस्त ग्रामस्थ, माहेरवाशिणी आणि बाहेरगावी असलेल्या बंधूंना सप्रेम नमस्कार.

दसऱ्याला तापीच्या घाटावर, पुरात माणसे काढणाऱ्या आपल्या मंडळाच्या नावेची आणि इंजिनाची पूजा झाली. नारळ फुटला, आपट्याची पाने वाहिली, फोटोही भरपूर निघाले. दुसऱ्या दिवशी इंजिन नावेवरून उतरवून मंडळाच्या खोलीत आणायला मात्र भोईवाड्यातली पोरे आणि मुंबईच्या गोदीत इंजिनांचे काम केलेले आपले डॉकवाले भाऊ, एवढेच लोक होते. कार्यकारिणीच्या बैठकीलाही तीच मंडळी. म्हणून हे पत्र घाईघाईने, पण फार कळकळीने लिहीत आहे.

पावसाळा संपला. पुढच्या मृगापर्यंत इंजिन बंद राहणार. बंद ठेवण्याआधी त्याची जी देखभाल करावी लागते, ती दिवाळीच्या आत उरकायची आहे आणि त्यासाठी पैसे कमी पडत आहेत.

ज्यांनी मागचे दिवस पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगतो. 2006 च्या ऑगस्टात तापी चढली तेव्हा गावाकडे इंजिन नव्हते. भोईवाड्यातल्या आबांनी आणि त्यांच्या भावांनी जुन्या लाकडी नावेतून, नुसत्या बांबूवर आणि वल्ह्यांवर, रात्रभर खालच्या आळीतली माणसे वर आणली. शेळ्या आणल्या, एक ओली बाळंतीण आणली. 1968 चा पूर पाहिलेले म्हातारे काठावर उभे राहून आबांना पाण्याची ओढ कुठे आहे ते ओरडून सांगत होते. आबा आज नाहीत. त्यांची वल्ही मंडळाच्या खोलीत आहेत, येऊन पाहावीत.

त्यातून मंडळ उभे राहिले. फायबरची नाव घ्यायची ठरली तेव्हा पहिली रक्कम कुणा पुढाऱ्याची नव्हती, ती गावाच्या लेकींची होती. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या पोरींनी झोक्याखालीच झोळी फिरवली आणि संध्याकाळी ती देवळात आणून दिली. मग बचत गटाच्या मावश्यांनी उन्हाळाभर बिबडी आणि पापड करून विकले. केळीच्या बागायतदारांनी माल भरताना प्रत्येक गाडीमागे ठराविक पैसे बाजूला काढले. सुरतेला कपड्याच्या मार्केटात कामाला असलेल्या पोरांनी, ज्यांची स्वतःची राहण्याची सोय एका खोलीत आठ-आठ जण अशी आहे, पगारातून पैसे पाठवले. जिनिंगवाल्या शेठजींनी नाव वाहून आणण्यासाठी ट्रक दिला आणि डिझेलही घेतले नाही. आणि इंजिनाचा निम्मा भार आपल्या शाळेतल्या निवृत्त गुरुजींनी उचलला. नावाची पाटी लावू का, असे विचारले तर म्हणाले, "पाटी नको, इंजिन सांभाळा." या सगळ्यांचे उपकार गाव फेडू शकणार नाही.

त्या नावेने काय केले तेही सांगतो. फरशीपुलावर पाणी आले की पलीकडच्या शेतात अडकलेले मजूर तीच आणते. डायलिसिसला जाणाऱ्या आपल्या काकांना भर पुरात तिने पैलतीरी पोहोचवले आहे. कानबाईच्या विसर्जनाच्या सोमवारी आणि गणपतीला ती घाटावर पहारा देते, आणि ती असल्यापासून विसर्जनाला आपल्या घाटावर कुणी बुडालेले नाही. तापीचा भरवसा धरता येत नाही. इथे आभाळ कोरडे असते, तिकडे बैतूल-बऱ्हाणपूरला पाऊस कोसळतो आणि हतनूर धरणाच्या 41 दरवाज्यांपैकी किती उघडले याचा निरोप येईपर्यंत पाणी पायऱ्या चढू लागते. वर वाघूर आणि गिरणा या नद्या भरून आल्या असतील तर विचारूच नका.

आता जे मनात आहे ते बोलतो. मागच्या वर्षीही याच दिवसांत हेच आवाहन केले होते. आलेली रक्कम एका हाताच्या बोटांवर मोजता येईल इतक्याच घरांतून आली. काही जाणत्या माणसांनीसुद्धा विचारले, "आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, इंजिनाला काय होणार आहे?" हा प्रश्न मनाला लागला. पण त्याचे उत्तर द्यायलाच हवे.

कॅनडात नोकरीला असलेल्या आपल्या गावच्या इंजिनिअर पोराने फोनवर तिकडची पद्धत समजावून दिली. तिकडे थंडी लागायच्या आत प्रत्येक नाववाला इंजिनातले पाणी थेंबन् थेंब काढतो. पाणी गोठले की साधारण नऊ टक्के फुगते आणि त्या जोरापुढे ओतीव लोखंडाचा ब्लॉकसुद्धा तडकतो. नावेच्या पोटात बसवलेल्या इंजिनात ते अँटीफ्रीझ, म्हणजे थंडीत न गोठणारे द्रव, फिरवून ठेवतात. मागे टांगायच्या आपल्यासारख्या इंजिनातले पाणी उभे ठेवले की आपोआप गळून जाते, तरी खालच्या गिअरच्या पेटीत, पाणी अडवणाऱ्या सीलमधून पाणी शिरलेले असेल तर तीही थंडीत फुटते. आपल्याकडे धुळ्याचा पारा एखाद्या वर्षी पाच अंशांखाली जातो, सातपुड्यात तोरणमाळ आणि डाबकडे दव गोठते, पण तापीकाठी इंजिन फुटावे अशी थंडी नाही. हे मान्य. आपल्या इंजिनाचे वैरी दुसरे आहेत : पुराचा गाळ, शिळे पेट्रोल, आत राहिलेली ओल आणि उंदीर. बर्फ एका रात्रीत जे करतो तेच हे चौघे मिळून आठ महिन्यांत करतात.

मागच्या वर्षी डॉकवाल्या भाऊंनी गिअरच्या पेटीचा खालचा स्क्रू उघडला तेव्हा आम्ही सगळे भोवती उभे होतो. तेल काळपट यायला हवे होते, ते दुधाच्या चहासारखे आले. म्हणजे आत पाणी. पाण्यातला पंखा काढून पाहिला तर शाफ्टला जाळ्याचा नायलॉनचा धागा गच्च गुंडाळलेला, आणि त्यानेच सील कापलेले. सील आणि बाकीचे सामान आणायला पैसे नव्हते, म्हणून भाऊंनी तात्पुरते तेल भरून पेटी बंद केली. जूनमध्ये चाचणीला दोरी ओढून ओढून पोरांचे खांदे दुखले, इंजिन काही बोलेना. कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल आटून चिकट थर बसला होता, बारीक भोके बुजली होती, आणि गिअरची बेअरिंगे गंजली होती. इंजिन शहरात दुरुस्तीला गेले आणि परत आले ते पहिला पूर ओसरल्यावर. बिल सतरा हजारांच्या वर. त्या पुरात भोईवाड्यातल्या पोरांनी पुन्हा वल्ह्यांवर नाव चालवली, आणि घाटावर उभे राहून "मंडळाचे इंजिन कुठे गेले?" असे विचारणारे तेच होते ज्यांच्या दारात आम्ही ऑक्टोबरात पावतीपुस्तक घेऊन गेलो होतो.

यंदा तसे होऊ द्यायचे नाही. भाऊंनी काम असे ठरवले आहे. आधी इंजिन ड्रममध्ये उभे करून स्वच्छ पाण्यावर दहा-पंधरा मिनिटे चालवायचे, म्हणजे आतल्या वाटांतला गाळ निघून जाईल आणि बाजूच्या भोकातून येणारी धार नितळ होईल. पाण्याशिवाय ते क्षणभरही चालवायचे नाही, पंपातले पाणी ओढणारे रबरी इम्पेलर लगेच जळते. गाळाने त्याची पाती आधीच झिजली आहेत, ते बदलायचेच आहे. त्यानंतर टाकी रिकामी करायची. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते हवेतली ओल ओढून घेते आणि पाणी तळाशी जमते. म्हणून पेट्रोलची नळी काढून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन ड्रममधल्या पाण्यावरच चालवायचे, आणि ते बंद पडत आले की हवेच्या तोंडातून फवाऱ्याचे तेल सोडायचे. भरपूर धूर निघेल, घाबरू नये. मग प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे तेल मारायचे आणि चाक हाताने फिरवायचे, म्हणजे भिंतींना तेलाचा हात बसेल आणि गंज धरणार नाही. आपले इंजिन टू-स्ट्रोक आहे, त्यामुळे वेगळे इंजिन ऑइल बदलण्याचा खर्च नाही. गिअर ऑइल मात्र बदलायचे, सील आणि दोन्ही स्क्रूंचे वायसर नवे. नवे तेल खालच्या भोकातून वर चढवायचे, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत, नाहीतर आत हवा राहते. शेवटी पंख्याच्या शाफ्टला ग्रीस लावून इंजिन स्टँडवर उभे ठेवायचे, आडवे अजिबात नाही. वरून सुती कापड घालायचे. प्लास्टिकचा कागद आणून देऊ नये, त्याखाली घाम धरतो. भाऊ मुंबईच्या गोदीत आयुष्यभर हेच काम करून आले आहेत आणि मजुरीचा एक रुपया घेत नाहीत, हे ध्यानात असू द्यावे.

खर्च असा : इम्पेलर व पंपाचे किट 3,200, सील व गिअर ऑइल 2,600, प्लग, फिल्टर व नळी 1,900, फवाऱ्याचे तेल व ग्रीस 1,300, लोखंडी स्टँड 4,500, नावेच्या तळाला फायबरचे ठिगळ 5,000. एकूण 18,500 रुपये. जमा 6,400, त्यातले बरेचसे सुरतेच्या पोरांचेच. कमी पडतात 12,100. जुने लोखंड, दोनशे लिटरचा ड्रम, धुतलेल्या सुती चादरी दिल्या तरी चालतील, तेवढा खर्च वाचेल. वेल्डिंगवाल्या दादांनी स्टँडची मजुरी माफ केली तर मंडळ त्यांचे ऋणी राहील, त्यांना प्रत्यक्षही भेटणार आहे. रक्कम खजिनदारांकडे रोख किंवा मंडळाच्या खात्यावर. खाते क्रमांक व क्यूआर कोड ग्रामपंचायतीबाहेरच्या फलकावर, बाहेरगावच्यांनी घरच्यांकडून फोटो मागवावा. पैसे वसुबारसेपर्यंत यावेत, सामान शहरातून आणायला दोन-तीन दिवस जातात. काम वसुबारसेआधीच्या रविवारी सकाळी आठला खोलीवर सुरू होईल, उधारीवर जेवढे सामान मिळेल तेवढ्यावर. शिकायची इच्छा असलेल्या पोरांनी जरूर यावे, भाऊंचे वय झाले आहे आणि हे हात दुसऱ्या कुणाकडे नाहीत. देणगीदारांची नावे आणि खर्चाची बिले दिवाळीनंतर देवळाच्या भिंतीवर लावली जातील. पावती घेतल्याशिवाय कुणाकडेही पैसे देऊ नयेत.

आपला नम्र,
सचिव, कार्यकारिणीच्या वतीने