जाडा स्क्रू नाकारणाऱ्या मिस्त्रीकाकांस

आदरणीय मिस्त्रीकाका,
सा. न. वि. वि.

जुळे सोलापुरातल्या माझ्या वर्गातल्या गिटारी आणि आमच्या घरचे सागवानी कपाट या दोहोंचे सैल झालेले स्क्रू तुम्ही पुन्हा पक्के बसवून दिलेत, त्याबद्दल हे जाहीर पत्र लिहीत आहे. काम झाल्यावर तुम्ही पैसे घेतले नाहीत आणि आभारही ऐकून घेतले नाहीत, म्हणून ते चारचौघांत मांडणे भाग पडले. शिवाय तुम्ही जे समजावून सांगितले, ते ज्यांच्या घरी बिजागरी लोंबते आहे किंवा गिटारचा पट्टा सुटतो आहे, अशा सर्वांच्या कामाचे आहे.

भोक सैल झाले की त्यात जाडा स्क्रू पिळावा, हा सल्ला मला विचारीन त्याने दिला होता. एका हितचिंतकांनी तर कुर्डुवाडीमार्गे मिरज गाठून सतार-तंबोरे घडवणाऱ्यांना गिटारी दाखवाव्यात असे सुचवले. त्या कारागिरांनी काम उत्तमच केले असते, पण पट्ट्याच्या एका बटणासाठी एवढा प्रवास मला जड वाटला. तुम्ही अशोक चौकाजवळच्या तुमच्या दुकानात जाड्या स्क्रूची कल्पना आधी मोडीत काढलीत. त्याचे डोके बिजागरीच्या खळगीत बसत नाही, बटणाच्या छिद्रातून तो जात नाही, आणि गिटारच्या मानेच्या बुडाशी, जिथे लाकूड अरुंद असते, तिथे तो पाचरीसारखा घुसून लाकूड उकलतो, ही तुमची तिन्ही कारणे मला तिथल्या तिथे पटली.

धातूचे आटे शाबूत असतात. झिजते ती त्यांनी लाकडात कोरलेली वाट, हे तुम्ही दाखवलेत. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो तेव्हा लाकूड आकसते, पावसाळ्यात ते फुगते, स्क्रू मात्र आहे तेवढाच राहतो, आणि या ओढाताणीत त्याच्याभोवतीचे तंतू चिरडत जातात. इलेक्ट्रिक गिटारचे अंग पुष्कळदा बासवूड किंवा पॉप्लर अशा मऊ लाकडाचे असते आणि वजन तीन-चार किलोंपर्यंत भरते. उभ्याने वाजवताना ते सारे वजन पट्ट्याच्या दोन बटणांवर पडते.

लहान भोकांसाठी तुमचा उपाय साधा होता, तरी त्यातही तुमची निवड दिसली. काडेपेटीच्या काड्या पोचट म्हणून तुम्ही बाजूला सारल्यात आणि बांबूच्या चिपा फेविकॉलमध्ये बुडवून भोकात दाटून बसवल्यात. रात्रभर त्यांना हात लावू दिला नाहीत. दुसऱ्या दिवशी वर आलेली टोके पटाशीने सपाट करून, स्क्रूचे आटे वगळता मधला जो गाभा उरतो त्याच्या जाडीचे भोक पाडलेत. तार पिळण्याच्या खुंट्यांचे स्क्रू अगदी बारीक असल्याने तिथे एकेक टूथपिक पुरली. झटपट चिकटणाऱ्या पातळ गोंदाचा थेंबही सैल तंतूंना कडक करतो, पण तो गिटारच्या पॉलिशवर ओघळला तर डाग पडतो, म्हणून भोकाभोवती चिकटपट्टी लावल्याशिवाय त्याची बाटली उघडू नये, अशी ताकीदही दिलीत.

कपाटाच्या जड दाराला मात्र चिपा पुरणार नव्हत्या. बाजारात मिळणारी गोल लाकडी खुंटी ठोकून त्यात स्क्रू बसवावा, असे मला वाटत होते. तुम्ही ती खुंटी हातात देऊन तिचे तंतू लांबीच्या दिशेने धावतात हे दाखवलेत. अशा खुंटीत स्क्रू तंतूंना समांतर शिरतो आणि त्याची पकड तंतूंना आडव्या शिरलेल्या स्क्रूपेक्षा कमी राहते. म्हणून तुम्ही सागाच्या फळीतून आडव्या तंतूंची गोल चकती कापून काढलीत, सागाचा तेलकटपणा थिनरने पुसलात, आणि चकतीच्या रेघा चौकटीच्या रेघांशी जुळवून ती चिकटवलीत. आता डाग कुठे आहे हे मलाही शोधावे लागते. हे ज्ञान हातमाग दुरुस्त करण्यात गेलेल्या तुमच्या उमेदीच्या वर्षांतून आले असावे, कारण मागाच्या सततच्या हादऱ्यापुढे नुसता स्क्रू टिकत नाही आणि पाचर ठोकलेला सांधा टिकतो, हे तुम्ही बोलता बोलता सांगून गेलात.

स्वयंपाकघरातल्या पार्टिकल बोर्डच्या, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीच्या, दाराला तुम्ही हे सोपस्कार केलेच नाहीत. त्या भुशाला तंतूच नाहीत, असे म्हणून बिजागरी थोडी वर सरकवलीत आणि विषय संपवलात.

स्क्रू परत बसवण्याची तुमची रीत मी वर्गातल्या मुलांना शिकवू लागले आहे. स्क्रू आधी हलकेच उलटा फिरवायचा, जुन्या वाटेत तो टक्कन उतरल्याचे बोटांना जाणवले की मगच सुलटा आवळायचा, म्हणजे तो नवी वाट कोरत नाही. आट्यांना साबण न लावता मेणबत्तीचे मेण लावायचे, कारण साबण ओल धरतो आणि स्क्रू गंजतो. पितळी स्क्रू मऊ असल्याने तुटण्याची भीती असते, तेव्हा त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आधी फिरवून वाट करून घ्यायची. ड्रिल मशीनने स्क्रू आवळायला मात्र मी मुलांना मनाई केली आहे. तुम्ही ते यंत्र दुकानात केवळ भोके पाडायला वापरता, हे मी पाहिले आहे.

हे पत्र वाचून काही पालक आपापल्या गिटारी आणि खुर्च्या घेऊन तुमच्याकडे येतील. त्यांच्याकडून कृपया पूर्ण मजुरी घ्यावी. माझी राहिलेली मजुरी मी पुढच्या आठवड्यात घेऊन येत आहे, आणि या वेळी ती नाकारू नये, ही विनंती.

तुमची कृपाभिलाषी,
गिटारच्या वर्गाच्या बाई