पेन्सिलीआधी कणकेचा गोळा

महोदय,

नाशिकमध्ये नर्सरीत पाऊल ठेवताच तीन वर्षांच्या मुलाच्या हाती गिरवायची वही येते. बोटांत बळ नसताना गिरवायला लावले की मूल पेन्सिल मुठीत आवळते आणि ती सवय मोडणे जड जाते. आधी कणीक मळू द्या: 2 वाट्या पीठ, 1 वाटी बारीक मीठ, चमचाभर तेल, साधारण पाऊण वाटी पाणी. पाणी थोडे थोडेच घालावे. एकदम ओतले तर गोळा हाताला चिकटतो आणि मूल उठून जाते. रंगाला हळद. साप वळणे, चिमटीने बारीक तुकडे तोडणे, 10 मिनिटे पुरे. मीठ फार असल्याने हा गोळा तोंडात जाऊ देऊ नये.

अंकांचेही तसेच. मूल पन्नासपर्यंत घडाघडा म्हणते, पण 5 बटाटे मोजताना एकावर दोनदा बोट ठेवते. म्हणून मोजलेला बटाटा ताटलीत सरकवायचा आणि शेवटी ‘किती झाले?’ विचारायचे. ते पुन्हा एकपासून मोजू लागले, तर शेवटचा आकडा म्हणजे एकूण हे अजून उमगलेले नाही; मग तीनच घ्या.

हंगामात आपल्याकडे द्राक्षे हाताशी असतात. मात्र अख्खे द्राक्ष घशात अडकते, मोजून झाले की उभे चिरूनच द्यावे.

बालशिक्षणातल्या अग्रणी ताराबाई मोडक, अनुताई वाघ यांनी आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी-कोसबाडला परिसरातल्या वस्तूंवरच बालवाडी चालवली. शाळांनी महागडी किट पालकांच्या माथी मारू नयेत.

– एक बालवाडी शिक्षिका, नाशिक