परीक्षा कडक ठेवा, पण पास झालेल्यांना लटकवू नका

संपादक साहेब, नमस्कार,

परदेशात एमबीबीएस केलेली पोरं म्हणजे पैसे भरून झालेले डॉक्टर, असं हल्ली कुणीही उठून बोलतंय म्हणून हे पत्र. माझी भाची किर्गिझस्तानात शिकून आली. 2018 पासून 'नीट' ही प्रवेश परीक्षा पास झाल्याशिवाय डॉक्टरकीला बाहेर जाताच येत नाही, आणि परत आल्यावर एफएमजीईत (परदेशात शिकलेल्या डॉक्टरांची इथली परीक्षा) 300 पैकी 150 मार्क पाडल्याशिवाय मेडिकल कौन्सिल नोंदणी करत नाही, त्यात निम्म्याहून जास्त पोरं नापास होतात. ती परीक्षा कडकच पाहिजे, त्यावर माझं काही म्हणणं नाही, उद्या हीच पोरगी माझ्या आईला तपासणारे.

माझी तक्रार आहे ती पुढची. पास झालं की इथं वर्षभर इंटर्नशिप. 2021 च्या नियमात तर कोर्स किमान 54 महिने, तिकडं 12 महिने इंटर्नशिप आणि इकडं आल्यावर पुन्हा 12. बरं, करू की, पण जागा कुठाय? कॉलेजच्या मंजूर जागांच्या वर साडेसात टक्के या पोरांसाठी, म्हणजे 200 च्या कॉलेजात फक्त 15. भाची फाईल घेऊन फिरतीय, मार्कशीट, तिचं भाषांतर, शिक्के, पासपोर्टच्या पानापानाची झेरॉक्स. एका कॉलेजात (नाव लिहीत नाही) सरळ पैसेच मागितले. एनएमसीने (दिल्लीचं राष्ट्रीय वैद्यकीय आयोग) 2022 लाच सांगितलंय की फी घ्यायची नाही आणि स्टायपेंड इथल्या पोरांएवढाच द्यायचा, तो कागद पुढं केला तर क्लार्क म्हणतो, "मॅडम, मग जागाच नाहीत."

जागा नाहीत म्हणे! आणि इकडं अक्कलकोट, मंगळवेढ्याच्या खेड्यातला माणूस साध्या तापाला एसटी धरून आपल्या सिव्हिलला येतोय. तिकडं अमेरिकेत टेनेसी राज्याने 2023 मध्ये कायदा केला, बाहेर शिकलेल्या अनुभवी डॉक्टरला पुन्हा रेसिडेन्सी (तिथल्या हॉस्पिटलातलं काही वर्षांचं प्रशिक्षण) न करता तात्पुरतं लायसन्स. आपण तेवढं पण मागत नाही. या पोरांना इंटर्नशिपचं वर्ष ग्रामीण रुग्णालयात सिनियरच्या हाताखाली काढू द्या, आणि एफएमजीईचा निकाल लागला की राज्यात कुठल्या कॉलेजला किती जागा रिकाम्या आहेत ती यादी कौन्सिलच्या वेबसाईटवर टाका, नंबर लावून जागा द्या, वशिला नको.

डॉ. कोटणीस आपल्या सोलापूरचे, 1938 ला चीनला गेले ते जखमींवर उपचार करायला, आता आपली पोरं चीनला जातात डॉक्टर व्हायला, कारण इथली प्रायव्हेट कॉलेजची फी झेपत नाही. चौकाचौकात एजंटांचे बोर्ड आहेत, ते पॅकेज सांगतात, होस्टेल सांगतात, इंडियन मेस सांगतात, परत आल्यावरची रांग कुणी सांगत नाही. यंदा ज्यांना पाठवायचंय त्यांनी पैसे भरायच्या आधी एजंटला एवढं विचारा, तुझ्याकडून गेलेली किती पोरं आज इंटर्नशिप करतायत आणि कुठं? नावं आणि कॉलेजं लिहून मागा.

— एक वाचक, जुळे सोलापूर